पालखीचा विसावा आणि कचरा: डबे मोजण्याआधी अन्नछत्रं मोजा

प्रश्न असा आहे. गावात पालखी सोहळ्याचा दुपारचा विसावा असतो. तीन-चार तासांत रस्ता पत्रावळ्या, चहाचे कप आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरून जातो. ग्रामपंचायतीकडे एक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि दोन सफाई कर्मचारी आहेत. गेल्या वर्षी वीस डबे ठेवले होते, ते अर्ध्या तासात भरून वाहू लागले. यंदा विसावा पर्यावरणपूरक करायचा आहे, तर डबे किती घ्यावेत?

डबे चाळीस घेतले तरी तेच होईल, फक्त थोडं उशिरा. डब्यांचा आकडा शेवटी निघतो, आणि तो माणसांवरून निघत नाही, अन्नछत्रांवरून निघतो. विसाव्याचा बहुतेक कचरा वारकरी आणत नाही. त्याच्या पिशवीत ताट आणि तांब्या असतो. अनेक दिंड्या येतानाच ते सोबत आणायला सांगतात. कचरा येतो तो वाटप करणाऱ्यांच्या टेम्पोतून. शहरातून आलेला दाता हजार बाटल्या रस्त्याच्या कडेला वाटून तासाभरात निघून जातो, बाटल्या गावात राहतात. म्हणून तीन प्रश्न या क्रमाने सोडवा: गोळा झालेलं संध्याकाळी कुठे जाणार? गावात काय काय वाटलं जाणार? आणि ते नेमकं कुठे पडणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली की डबे किती हे आपोआप कळतं.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही आधी सांगतो. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या मार्गावरचं गाव आणि देहूहून निघणाऱ्या तुकोबारायांच्या मार्गावरचं गाव यांत गर्दी, रस्त्याची रुंदी आणि थांबण्याची वेळ वेगळी असते. विसावा आणि मुक्काम यांतही फरक आहे. मुक्कामाला दिंड्या आपल्या राहुट्यांत स्वतः स्वयंपाक करतात, तिथे भाजीचा कचरा, राख आणि शौचालयं हा मोठा विषय होतो. विसाव्याला बाहेरचं वाटप हाच मोठा विषय. पावसाचंही तसंच. आषाढी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. तारीख अशी पुढेमागे होते, त्यामुळे एका वर्षी धूळ आणि दुसऱ्या वर्षी घोट्यापर्यंत चिखल. आखणी चिखल धरूनच करावी. खालचे सगळे आकडे दहा हजार ताटं आणि बारा अन्नछत्रं धरून दिलेत, ते तुमच्या गावच्या हिशेबाने कमीजास्त करा.

आता मालाचा हिशेब. पानाची कोरडी पत्रावळ दहा ते वीस ग्रॅमची असते. उष्टं आणि ओल धरून ती साठ-सत्तर ग्रॅमची होते. दहा हजारांचे झाले सहाशे ते सातशे किलो. तशाच कशाही टाकल्या तर दहा बाय सहा फुटांची, दोन फूट खोल ट्रॉली जवळपास दोनदा भरते. अर्ध्या लिटरच्या दहा हजार रिकाम्या बाटल्यांचं वजन मात्र सव्वाशे-दीडशे किलोच. पण न चेपता त्यांना अडीच ट्रॉल्या जागा लागते. डबे भरून वाहतात ते वजनाने नव्हे, या पोकळ जागेने. म्हणूनच बाटली गावात येऊच न देणं हा सगळ्यांत मोठा फायद्याचा उपाय आहे.

बाटली नको म्हणायचं तर पाणी द्यावं लागतं, आणि नीट द्यावं लागतं. वीस फुटी पीव्हीसी पाइपाला दोन-दोन फुटांवर दहा नळ बसवा. असे तीन पाइप, म्हणजे तीस नळ. तांब्या भरून माणूस बाजूला होईपर्यंत पंधरा सेकंद धरले तर एका नळावर मिनिटाला चार माणसं होतात, तीस नळांवर एकशेवीस. गर्दीचे दीड तास धरले तरी दहा हजार तांबे भरून निघतात. इथे चूक होते ती टाकीची. मिनिटाला एकशेवीस लिटर या वेगाने दोन हजार लिटरची एकच टाकी सतरा मिनिटांत रिकामी होते आणि पंधरा-वीस मिनिटं नळ कोरडे राहतात. तेवढ्या वेळात शेजारचा बाटल्यांचा टेम्पो रिकामा होतो. तेव्हा प्रत्येक पाइपाला स्वतंत्र दोन हजार लिटरची टाकी द्या, ती चार-पाच फूट उंच चौथऱ्यावर ठेवा, खालचा पाइप दोन इंची घ्या आणि मागे पाच हजार लिटरचा टँकर मोटर जोडून सकाळपासूनच उभा करा. रस्ता बंद झाल्यावर टँकर आत येऊ शकत नाही. हात आणि ताटं धुण्यासाठी नळ वेगळे असावेत, त्याचं पाणीही वेगळं धरा, आणखी पाच हजार लिटर.

पाण्यावर विश्वास बसला नाही तर लोक बाटलीच मागतात. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, हे आपल्याकडचं नेहमीचं प्रमाण आहे. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलंय का ते रंगावरून बघायचं. टाकीच्या नव्हे, शेवटच्या नळाच्या. गावच्या जलसुरक्षकाला हे येतं. पिवळा रंग आला की तिथे एक पाटी लावा: पाणी तपासलेलं आहे, तारीख, वेळ. नळांखाली खडी पसरून चर काढा, नाहीतर अर्ध्या तासात तिथे चिखल होतो आणि म्हातारी माणसं नळाकडे फिरकतच नाहीत.

आता अन्नदाते. हे काम विसाव्याच्या दिवशी होत नाही, निदान पंधरा दिवस आधी होतं. गेल्या वर्षी कुणी कुठे काय वाटलं याची यादी आठवून करा. चहावाले, केळीवाले, राजगिऱ्याच्या लाडूवाले सगळे त्यात येऊ द्या. मग त्यांना एकत्र बोलवा. बहुतेक गावांत दिसतं ते असं की एका किलोमीटरमध्ये पाच जण साबुदाण्याची खिचडी वाटतात, आणि तीही त्याच तासाला. वारकरी पहिल्या ठिकाणी पोटभर खातो, दुसऱ्याला नाही म्हणवत नाही म्हणून घेतो, तिसऱ्या ठिकाणची पत्रावळ अर्धी तशीच ठेवतो. हा अन्नाचा कचरा पत्रावळीच्या प्रकाराने कमी होत नाही, वाटपाची वेळ आणि अंतर बदलल्याने होतो. एकाने वेशीपाशी सकाळी पोहे, दुसऱ्याने दुपारी भाकरी-पिठलं, तिसऱ्याने पुढे ताक, असं वाटून द्या. भाकरीवर झुणका आणि ठेचा हातात देता येतो, पत्रावळच लागत नाही. खिचडी असेल तर डाव अर्धा भरून वाढायचा आणि पुन्हा मागितलं तर आनंदाने पुन्हा वाढायचं. वाढणाऱ्याच्या हाताचा फार मोठा भाग आहे यात, त्याला आदल्या दिवशी समजावून सांगा.

दात्याशी बोलताना बंदी आणि दंडापासून सुरुवात करू नका. माणूस श्रद्धेने पदरचा पैसा घालून आलेला असतो. त्याच्या दानात कमी काढायची नाही, फक्त दानाचा प्रकार बदलायचा. बाटल्यांचे पैसे टँकर आणि नळांना द्या, फलकावर नाव तुमचंच राहील, असं म्हटलं की बरेच जण तयार होतात. जागा देताना मात्र एक कागद भरून घ्या: काय वाटणार, किती जणांना, कशात वाढणार, किती वाजता संपवणार, आणि आपल्या ठिकाणचा कचरा सांभाळायला कोणती दोन माणसं देणार. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. न कळवता अचानक येणारे टेम्पो असतातच. त्यांच्यासाठी वेशीवर दोन माणसं आणि रिकाम्या गोण्या ठेवा. त्यांना अडवायचं नाही. मोकळी जागा दाखवायची, तीन गोण्या हातात द्यायच्या आणि जाताना भरून इथेच द्या म्हणून सांगायचं. टेम्पोचा नंबर वहीत लिहिला की गोण्या परत येतात.

पत्रावळ कोणती, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. त्यामुळे आता बाजारात फसवतात ते चमकदार कागदी द्रोण आणि पानाच्या नावाने विकले जाणारे असे प्रकार, ज्यांना एका बाजूने प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरेदीआधी एक नमुना घ्या, फाडा आणि गरम पाण्यात तासभर भिजवा. कागद लगदा होऊन सुटला आणि हातात पारदर्शक कातडीसारखा पापुद्रा राहिला, तर ती पत्रावळ खताच्या ढिगात चालणार नाही. पळसाच्या पानाची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ चालते, सुपारीच्या विरीची (झावळीच्या बुडाच्या जाड आवरणाची) चालते, उसाच्या चोथ्याची चालते. विरीची जाड असल्याने कुजायला जास्त वेळ घेते, तिचे तुकडे करावे लागतात. चहाच्या कागदी कपालाही आतून हाच पापुद्रा असतो, म्हणून तो कधीच ओल्यात टाकू नका. चहाच्या ठिकाणी तीनशे स्टीलचे पेले, तीन टब आणि चार माणसं ठेवली तर कप लागतच नाहीत. पहिल्या टबात खळबळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत पाणी. तिसऱ्या टबातलं पाणी दर शंभर पेल्यांना बदलायचं. हेच काम टाळलं जातं, आणि पेल्याला वास आला की लोक पुन्हा कप मागतात.

आता पडण्याची जागा. माणूस खाऊन उठला की वीस-पंचवीस पावलांत पत्रावळ टाकतो, मग डबा असो वा नसो. म्हणून कचऱ्याची जागा रस्त्यावर सम अंतराने नको, जेवणाच्या जागेतून बाहेर पडण्याच्या वाटेवरच हवी. तिथला क्रम असा ठेवा: आधी उष्ट्याचा टब, मग पत्रावळींच्या गोण्या, शेवटी सुक्याची गोणी. पत्रावळ टबाच्या काठावर आपटून रिकामी करायची आणि गोणीत एकावर एक रचायची. धान्याच्या पन्नास किलोच्या गोणीत बाराइंची पत्रावळ बरोबर बसते, आणि रचून ठेवल्या तर दोनशेच्या आसपास मावतात. कशाही कोंबल्या तर साठ-सत्तरमध्येच गोणी फुगते. एवढ्या एका सवयीने दोन ट्रॉल्यांची एक ट्रॉली होते. गोणी उभी राहावी म्हणून तीन बांबूंची तिकाटी बांधा आणि गोणीचं तोंड बांबूच्या कड्यावर उलटं दुमडा.

पाटीवर ‘ओला’ आणि ‘सुका’ लिहू नका. वारीत वाचता न येणारे, चष्मा नसलेले आणि घाईत असलेले बरेच असतात. पत्रावळींच्या गोणीवर काठीला खरी पत्रावळ बांधा, बाटलीच्या गोणीवर खरी बाटली. डोक्याच्या वर, लांबून दिसेल अशी. आणि प्रत्येक ठिकाणी एक माणूस उभा हवाच. राखणदार नसलेल्या गोणीत पहिली चुकीची वस्तू पडली की मागचे सगळे तसंच टाकतात.

दोनशे लिटरचे पिंप मात्र कचऱ्यासाठी घेऊ नका. ओल्याने भरलेलं पिंप शंभर किलोच्या वर जातं, चिखलात चौघांनाही हलत नाही, मग ते तिथेच ओततात. गोणी पंधरा-वीस किलोची झाली की तोंड बांधून बाजूला घ्यायची. हिशेब असा बसतो: बारा ठिकाणी प्रत्येकी दोन टब आणि चार तिकाट्या, चहाच्या ठिकाणी दोन-दोन तिकाट्या, आणि मधल्या रस्त्याला शंभर पावलांवर एक जोडी. पत्रावळींना पन्नास गोण्या, बाटल्या आल्याच तर शंभर बाटल्यांना एक, आणि फाटण्यासाठी थोड्या जास्त. दीडशे गोण्या जवळ ठेवा. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन सुक्याला चालतील. कीटकनाशकाची खोकी किंवा पिशव्या कशालाही वापरू नका.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती वाहतुकीची. पालखी गावात शिरली की मुख्य रस्ता तीन-चार तास जागचा हलत नाही. ट्रॉली ग्रामपंचायतीसमोर उभी असेल तर ती रात्रीपर्यंत तिथेच राहते आणि भरलेल्या गोण्या रस्त्यावर फुटतात. म्हणून सकाळी रस्ता बंद होण्याआधी दोन ट्रॉल्या गावाच्या दोन टोकांना, मुख्य रस्त्याच्या मागच्या बाजूला, पाणंद रस्त्याला, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेला, तोंड करून लावा. दुसरी ट्रॉली एखाद्या शेतकऱ्याची भाड्याने घ्या. जागा मुरमाची बघा. काळ्या रानात भरली ट्रॉली पावसाच्या एका सरीने रुतते. गोण्या माणसांनी किंवा हातगाडीने तिथवर न्यायच्या. उचलायला आठ जणांची वेगळी तुकडी लागते, गोणीजवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने जागा सोडायची नाही. प्रत्येक अन्नछत्रावर दोन माणसं, दीड-दीड तासाच्या दोन पाळ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस जण. महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, बचत गट, तालमीतली पोरं यांतून एवढे होतात. सफाई कर्मचाऱ्यांना गमबूट, रबरी हातमोजे आणि त्या दिवसाचा जादा मोबदला द्या. नुसता नारळ देऊन सत्कार करणं हे त्यांच्या कष्टाचं मोल होत नाही.

शेवटच्या दिंडीच्या मागोमाग झाडलोट सुरू झाली पाहिजे, उद्या सकाळी नव्हे. रात्री पाऊस आला तर पत्रावळी रस्त्याला चिकटतात, प्लास्टिक ओढ्यात जातं आणि मोकाट जनावरं खरकट्याच्या वासाने पिशव्या खातात. इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो. उरलेला भात, शिरा, बुंदी गाई-म्हशींना पाट्या भरभरून घालू नका. शिजवलेलं धान्य आणि गोड एकदम पोटात गेलं की जनावराच्या कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतं आणि चांगलं जनावर दगावू शकतं. न वाढलेलं चांगलं अन्न माणसांसाठीच वापरा. पुढच्या दिंडीला फोन करून दोन तासांच्या आत पोचवा. उष्टं खताला.

खतासाठी खड्डा करू नका. आषाढात खड्ड्यात पाणी भरतं, ढीग सडतो आणि गाव तक्रार करतं. उंचवट्यावर, विहिरीपासून आणि वस्तीपासून लांब, जमिनीवरच ढीग लावा: पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच आणि साधारण वीस फूट लांब. तळाला एक वीत उसाचं पाचट, म्हणजे खालून हवा खेळते. फलटण, माळशिरस, अकलूज, इंदापूर या पट्ट्यात पाचटाची कमी नाही. पाचट आधीच आणून झाकून ठेवा, भिजलेलं उपयोगाचं नाही. वर पत्रावळींचा वीतभर थर, शक्यतो कोयत्याने तुकडे करून. त्यावर उष्ट्याचा पातळ थर, बोटभरच. मग एक घमेलं शेण दोन बादल्या पाण्यात कालवून शिंपडायचं, आणि पुन्हा पाचट. उष्टं एकूण ढिगाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. गेलं की तेल आणि ओलीमुळे हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. वरून पाचटाचं जाड छप्पर आणि ताडपत्री उतरती टाका, बाजू मोकळ्या ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्ये खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर हाताला चटका लागला पाहिजे. नाही लागला तर ढीग एक तर फार ओला आहे किंवा कोरडा. मुठीत दाबलं की एखादा थेंब यावा, धार लागू नये. दहा-बारा दिवसांनी एकदा आणि महिन्याने पुन्हा पलटायचं. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं, काड्या तेवढ्या चाळून काढाव्या लागतात.

सुक्याचं सोपं आहे, फक्त आधी ठरवावं लागतं. बाटल्यांसाठी भंगारवाल्याला त्याच संध्याकाळी बोलावून ठेवा. झाकण काढून, चेपून दिल्या तर तो खुशीने नेतो. बिस्किटांचे पुडे, कप आणि फाटलेले पावसाळी प्लास्टिक कागद तो नेत नाही. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे, ते चालू आहे का आणि कोरडा माल कधी घेतात हे पंचायत समितीत महिनाभर आधी विचारा. तोवर गोण्या छपराखाली ठेवा. रात्री कडेला काडी लावून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरा. आरोग्य शिबिरातल्या सुया, बँडेज आणि मलमपट्ट्या तुमच्या गोण्यांत येऊ देऊ नका, त्या वैद्यकीय पथकानेच परत न्यायच्या. सॅनिटरी पॅडसाठी महिलांच्या शौचालयात झाकणाचा डबा आणि रद्दी कागदाचा गठ्ठा ठेवा, आणि तो डबा स्वतंत्रपणेच उचला.

वहीत प्रत्येक अन्नछत्रासमोर किती गोण्या भरल्या, किती अन्न उरलं आणि नळ किती वाजता कोरडे पडले एवढं त्याच रात्री लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दात्यांच्या बैठकीत तीच वही उघडून बोलायचं. तुमच्या गावात गेल्या वर्षी किती ठिकाणी वाटप झालं, आणि मुख्य रस्त्याला समांतर पाणंद आहे की नाही, हे कळवलंत तर ट्रॉल्या आणि नळ कुठे बसवायचे ते तुमच्या गावापुरतं सांगता येईल.